दाराबाहेरचा पाट

॥ श्री ॥
पेडणे,
२८ सप्टेंबर २०२३

ती. सौ. ताईस,
आनंदीचे शि. सा. न. वि. वि.

गणपतीची चवथ होऊन आठवडा उलटला, मी सुखरूप पोचले, गौरवीने बांधून दिलेल्या करंज्या इथल्यांनी दोन दिवसांत संपवल्या. फोनवर हे सांगितलंच आहे. पण तुझा कान अधू, त्यामुळे तुझा फोन मोठ्या आवाजावर टाकावा लागतो. मग आपल्या दोघींचं बोलणं तुझा सुदेश ऐकतो, गौरवी ऐकते, शेजारीण नारळ सोलता सोलता ऐकते. मला जे विचारायचंय ते असं चारचौघांत विचारण्यासारखं नाही, म्हणून पाकीट आणलं. पोस्टातली मुलगी माझ्याकडे बघून हसली. हसू दे.

ताई, तुझं काय बिनसलंय? यंदा करंज्या तू तळल्या नाहीस. नैवेद्याच्या पानाला हात लावला नाहीस. आरतीला ओसरीच्या टोकाला उभी राहिलीस. विचारलं तर कंबर म्हणालीस. कंबर दुखणारी बाई दिवसातून तीनदा डोक्यावरून न्हात नाही, एवढं मला कळतं. होळीच्या शिगम्यात भावोजींना अर्धांग झालं तेव्हापासून त्यांना भरवणं, पुसणं सगळं तूच करत होतीस. आता ते गौरवी करते आणि तू त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर पाट मांडून बसतेस. आत म्हणून जात नाहीस.

मागच्या दारी गौरवी माझ्याजवळ रडली. आई माझ्या हातचं बाजूला बसून खातात, ताट शिवू देत नाहीत, माझं काय चुकलं, असं म्हणत होती. पोर पोटुशी आहे, तिला असा घोर लावू नकोस. सुनेशी बिनसलं असेल तर मला सांग, दोघींनाही ओरडायचा हक्क माझा आहे. सदतीस वर्षं वर्गात तेच केलं.

उत्तर लिही. लोभ मागत नाही, तो लहानपणीच वसूल केलाय.
तुझी,
आनंदी


॥ श्री ॥
नार्वे,
५ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. आनंदीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. गौरवीचं काही चुकलेलं नाही ग. सोन्यासारखी पोर आहे. तिला दूर ठेवते ती तिच्यासाठीच.

तुला सांगते, कारण आणखी कोणाला सांगणार? पावसाच्या सुरुवातीला माझी दाढ सुजली, डॉक्टरांनी जहाल गोळ्या दिल्या. दाढ बरी झाली आणि हे सुरू झालं. अंगावरून पांढरं जातं, दह्याच्या कवडीसारखं. खाज अशी की चार माणसांत बसवत नाही. लघवीला जायची तर भीतीच वाटते. आधी कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी केलं. मग जंतुनाशक घालून धुतलं, तर नुसती आग झाली. सुदेशला झालं होतं त्या गजकर्णाचं मलम लावून पाहिलं. काही उतार नाही.

माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली. सुटले एकदाची म्हणून तेव्हा तू मला साडी दिली होतीस, आठवतं? आता या वयात हा विटाळ कुठून आला कळत नाही. आणि यंदाच यायचा होता. तुला माहीत आहे, ह्यांच्यासाठी देवळात प्रसाद लावला तेव्हा देवाने मूर्तीला लावलेली उजवीकडची पाकळी पाडून होकाराचा कौल दिला. भटजींनी सांगितलं की वर्षभर रोज सकाळी सोवळ्यात तीर्थ द्यायचं, विटाळ लागू द्यायचा नाही, माणूस उठून बसेल. मी अशी. माझ्या हाताने दिलं आणि त्यांना काही झालं तर? म्हणून सुदेश तीर्थ देतो आणि मी बाहेर पाटावर बसते. दिसतात तेवढे बघते. त्यांनी उठावं म्हणूनच बसते ना.

ह्यांचं म्हणशील तर हल्ली नवरदेवासारखे नटतात. रोज संध्याकाळी दाढी करून घेतात, धुतलेला सदरा मागतात, पावडर लावायला लावतात. गौरवीला दमवतात अगदी. बोलणं जड झालंय, मला बाहेरून काही उमजत नाही, तिलाच कळतं. मी पाटावरून हसते. तेही हसल्यासारखे वाटतात.

दवाखान्याचं नाव काढू नकोस. इथला डॉक्टर सुदेशच्या वर्गातला, माझ्या अंगणात पेरू चोरायचा. त्याला मी काय दाखवू?

हे पत्र वाचून फाडून टाक. जीवाला जप.
तुझी,
ताई


॥ श्री ॥
पेडणे,
११ ऑक्टोबर २०२३

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. फाडण्यासारखं त्यात काही नव्हतं, तूच उगाच फाटत चालली आहेस.

ताई, हा विटाळ नव्हे, दुखणं आहे. समीक्षाच्या वेळी मला सातव्या महिन्यात हेच झालं होतं. मीही कोणाला बोलले नाही, खांबासारखी ताठ उभी राहून वर्गात शिकवायची. शेवटी नर्सबाईने ओळखलं, औषध दिलं आणि आठवड्यात मी माणसात आले. तुला तेव्हा सांगितलं नाही. आपण दोघी बहिणी एका चादरीत झोपलो, पण असलं एक अक्षर कधी एकमेकींना बोललो नाही.

इथे एक डॉक्टरीण बसते. बाई आहे, पेरू चोरलेले नाहीत. तू घरी सांग, दाढ पुन्हा दुखते आणि आनंदीच्या ओळखीचा दातांचा डॉक्टर पेडण्यात आहे. खोटं माझ्या नावावर घाल. सुदेश डिचोलीला बसमध्ये बसवील, म्हापशाला मी उभी असेन. नवरात्र आहे, घट आहेत, असलं काही लिहू नकोस, मला तू पाठ आहेस. घटासमोर तरी कुठे जातेस तू आता?

आणि एक ऐक, रागावू नकोस. भावोजींना तीर्थ हवं असेल, पण त्यांना तूही हवी असशील. येतेस ना? लगेच कळव.
तुझी,
आनंदी


॥ श्री ॥
नार्वे,
२ नोव्हेंबर २०२३, गुरुवार

चि. सौ. आनंदीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तुझं खरं, दसरा होईपर्यंत मी निघाले नाहीच. पण आले एकदाची. सोमवारी तुझ्या डॉक्टरणीच्या दारात पाय अडला तेव्हा तू मागून ढकललंस, त्याबद्दल आता रागवत नाही.

तिचं बोलणं अजून मनात घोळतंय. ती म्हणाली की, ही एक प्रकारची बुरशी आहे, पोदेराचं पावाचं पीठ ज्याने फुगतं त्याच्याच गणगोतातली. प्रत्येकीच्या अंगात थोडी असतेच, गुपचूप असते. जहाल गोळ्यांनी तिला आवरणारे चांगले जंतू मरतात आणि ही माजते. आणि साखर वाढली की तिला खायला मिळतं. माझी साखर एवढी वाढलेली असेल असं स्वप्नातही नव्हतं. तिने आधी तपासून खात्री केली, मग औषध दिलं. आठवडाभर निजताना आत ठेवायच्या गोळ्या, वरून लावायला मलम आणि साखरेची गोळी रोजची. जंतुनाशकाने धुणं बंद, ते गजकर्णाचं मलम फेकून द्यायचं, कपडे सुती घालायचे आणि उन्हात वाळवायचे. मी आजवर ते परसात, साडीखाली झाकून वाळवत होते.

आणि तू निर्लज्जासारखं माझ्यासमोरच तिला विचारलंस की, हिने नवऱ्याला शिवलं, भरवलं तर त्याला काही होईल का. ती हसली नाही, हे मला बरं वाटलं. म्हणाली, हात धुवा आणि आजच भरवा. हे शिवण्याने लागणारं नाही आणि घाण तर नाहीच नाही.

खाज निम्म्यावर आलीय. तीन रात्रींत एवढा फरक! इतके महिने मी काय म्हणून सोसलं असेन?

ह्यांच्याजवळ मात्र अजून गेले नाही. ओरडू नकोस. डॉक्टरणीचं पटलं, पण पाय उचलत नाही. रविवारी गोळ्या संपतील. सोमवार देवाचा वार आहे. डोक्यावरून न्हाऊन, देवळातून स्वतः तीर्थ घेऊन येईन आणि माझ्या हाताने देईन. नवी हिरवी साडी काढून ठेवलीय. काल पाटावर बसले होते तर ह्यांनी चांगला हात उचलला आणि चादरीवर दोनदा आपटला, ये म्हणतात तसा. मी बोटांनी खूण केली, थांबा, सोमवारी. इतके दिवस थांबले, आता काय राहिलं?

गौरवीला मी जवळ घेतलं. काही सांगितलं नाही, पण तिच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. ती बघतच राहिली.

तुझ्यामुळे मार्गी लागले. सुखी राहा.
तुझी,
ताई


नार्वे,
११ नोव्हेंबर २०२३

ती. मावशींस,
गौरवीचा नमस्कार.

सुतकात आहोत म्हणून वर श्री घातली नाही. उद्या दिवाळी. वाड्यावर मुलं नरकासुर उभा करताहेत, आमच्या घरात दिवा तेवढा बाबांच्या खोलीत आहे.

बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही परत गेलात, तेव्हा तुम्हाला एक सांगायचं होतं. आई जवळ होत्या म्हणून सांगता आलं नाही. त्या रविवारी सकाळी बाबांचा चहा माझ्या हातूनच चालला होता. दोन घोट घेतले आणि मान कलली. आई परसात दोरीवर कपडे घालत होत्या, माझी हाक ऐकून धावत आल्या. ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधीचं ठाऊक नाही.

मावशी, बाबा रोज दाढी का करून घ्यायचे, ते मला माहीत होतं. श्रावणात एकदा त्यांनी मला विचारलं, तुझ्या सासूला माझा वास येतो का. मी नाही म्हटलं. मग ती आत का येत नाही, म्हणाले. मला तरी कुठे माहीत होतं? मी कंबरेचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून दाढी, पावडर, रोज धुतलेला सदरा. दुपारी चार वाजले की घाई करायचे, ती आता पाट मांडेल म्हणायचे. अंथरुणात घाण झाली की लहान मुलासारखे रडायचे आणि आईला कळू देऊ नकोस म्हणून माझा हात धरायचे.

शेवटच्या शनिवारी विचारत होते की, सोमवारी काय आहे. आईंनी बोटांनी खूण केली ती त्यांनी पाहिली होती. मला काही ठाऊक नव्हतं, मी म्हटलं, सोमवार आहे एवढंच. त्यावर त्यांनी दाढीचं सामान मागितलं.

आई बाहेर का बसायच्या ते मला परवा त्यांच्या औषधांवरून आणि नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. बाबांचं मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगू का, मावशी? नाही सांगितलं तर ते माझ्या एकटीच्या पोटात राहतं, आणि पोटात आता बाळ आहे. सांगितलं तर आई कशा जगतील?

तुम्ही म्हणाल तसं करीन. माया असू द्या, आम्हाला आता तुमचीच आहे.
आपली,
गौरवी


॥ श्री ॥
नार्वे,
२७ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. आनंदीस,
अ. उ. आ.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि गौरवीने मला सगळं सांगितलं. सांग असं तूच तिला म्हणालीस, तेही बोलली. बरं केलंस. ती सांगत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, कारण रडत तीच जास्त होती.

चाळीस वर्षांचा संसार ग. त्यांना वाटलं मला त्यांची किळस आली. मला वाटत होतं की मीच किळसवाणी आहे. दाराच्या दोन बाजूंना दोघं तसेच बसून राहिलो. एक वाक्य मी दारातून बोलले असते तरी पुरलं असतं, नाही का? की मला दुखणं आहे, म्हणून येत नाही. पण नवऱ्यालाही न सांगण्यासारखं ते आहे, असं मी धरून चालले.

धावत आले तेव्हा हात ओला होता, तसाच त्यांच्या गालावर ठेवला. गाल अजून ऊन होता, आनंदी. दाढी आदल्या संध्याकाळचीच. मुखात तीर्थ मी घातलं, माझ्या या हाताने, आणि ते कडेने ओघळून गेलं.

मला बरं आहे. खाज नाही, जळजळ नाही, साखर उतरतेय. शरीर किती सहज बरं झालं, याचाच राग येतो. सुतकात गौरवीला तसाच त्रास सुरू झाला. तिने लाजत सांगितलं, त्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. सुतकातली माणसं कुठे निघाली म्हणून शेजारीण विचारत होती. मी तिला कारण सांगितलं, मोठ्याने, नाव घेऊन.

तू पेडण्याला ये म्हणतेस. येईन, पण आता नको. मी ह्यांच्या खोलीत निजते. खाट उचलू दिली नाही, सुदेशला म्हटलं असू दे. तिच्या कडेला जमिनीवर अंथरूण घालते आणि खाटेच्या पायावर हात ठेवून पडते. आता मला कोणी आत येऊ नको म्हणत नाही. तेव्हाही कोणी म्हटलं नव्हतं ग. मीच म्हणत होते.

तुझी,
ताई