लाल दिवा लागायच्या आधी

प्रिय गवई,

या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. फार मोठा झालास ना. आपला पहिला अल्बम पुन्हा बाजारात आलाय, तो ड्रमवाल्या दादाने कौतुकाने मला आणून दिला. त्याचा गुडघा बदललाय, पण टेबलावर बोटं आपटायची खोड गेलेली नाही. आम्ही दोघं ऐकत बसलो. तिसरं गाणं लागलं तशी मी चहा टाकायला उठले.

त्या गाण्यातलं माझं व्हायोलिन रडतं, असं लोक म्हणतात. का रडतं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी स्टुडिओत काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसले होते. तू पलीकडच्या खोलीत निर्मात्याशी बोलत होतास आणि तुमच्याकडचा माईक चालूच राहिला होता. सगळ्या चाली माझ्या एकट्याच्या नावावर टाका, असं तू त्याला सांगितलंस. तिला चालेल का, असं त्या भल्या माणसाने विचारलं. तू हसलास आणि म्हणालास, ती माझ्यावर जीव टाकते, ती कसली बोलतेय. मग लाल दिवा लागला. तू काचेतून माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि मी वाजवलं, एका दमात. जाड्याने आपली बेस गिटार बाजूला ठेवून मला उचलूनच घेतलं.

त्या चाली आपण माझ्या खोलीत बांधल्या, खालच्या शिंप्याच्या मशीनच्या खडखडाटात. तिसऱ्या गाण्याची लय तर सरळ त्या मशीनची आहे. मुलाखतीत तू सांगतोस, त्या तुला फिरता फिरता सुचल्या. आयत्या बिळावर नागोबा. पुढे तू आपल्या लग्नाचं टाळलंस, त्याचं मला तितकंसं लागलं नाही. ते त्या दिवशीच कळलं होतं. परक्याने लुबाडलं तर माणूस चारचौघांत बोंब तरी मारतो. तू केसाने गळा कापलास. आणि मी मूग गिळून बसले, कारण तू माझ्याबद्दल निर्मात्याला जे सांगितलंस ते खरं होतं. त्याचाच जास्त राग येतो मला, अजून.

आज लिहायचं कारण तुझी लेक. परवा ती गिटार घेऊन माझ्याकडे आली. तिचा पहिला अल्बम होतोय आणि व्हायोलिन मीच वाजवावं असा तिचा हट्ट आहे. पोरगी गुणी आहे, तुझ्यासारखी नाकात गात नाही. तिला ते तिसरं गाणं नव्याने करायचंय, बाबांचं म्हणून. मी हो म्हटलं. निघताना दारात चपला घालता घालता तिने विचारलं, मावशी, तुम्ही पुन्हा कधी बाबांबरोबर का नाही वाजवलंत? मी म्हटलं, बाबांनाच विचार. सोमवारी आमचं रेकॉर्डिंग आहे. ती तुला विचारेल. थापा मारू नकोस, कारण मग मला तोंड उघडावं लागेल, आणि या वेळी मी उघडणार आहे. मी सांगितलं तर तिचा बाप तिच्या मनातून उतरेल. तू सांगितलंस तर कदाचित नाही उतरणार.

तुझीच, असं लिहायची नुसती सवय राहिलेली,
व्हायोलिनवाली