लाथाडलेल्या घागरी

भूम, रविवार संध्याकाळ

माझ्या कादंबरीवरचा सिनेमा प्रदर्शनाआधी दिग्दर्शकानं पाठवला, तो आज आईसोबत पाहिला. पाणी संपलेल्या काळातली मारामारी झकास, बंदुका तर विचारूच नका. पण टँकरच्या रांगेतल्या घागरी नायक लाथाडत पळतो! माझ्या पुस्तकात माणसं घरी जातात, घागरी त्यांचा नंबर धरून उभ्या राहतात. कुणी हात लावत नाही. सगळी कादंबरी त्यावरच तर आहे.

आई म्हणाली, "आपल्याकडं घागर कुणी लाथाडत न्हाय गं. हे तू लिहिलंस?"

पटकथा मला दाखवली होती. न वाचताच सही केली का? व्हय, केली.

उद्या सकाळीच दिग्दर्शकाला फोन. घागरी उभ्या ठेवा, न्हायतर माझं नाव काढा. हसला तर हसू दे.