डबा धाडला, बोललो न्हाय

सांबरा, मंगळवार, संध्याकाळ

लढाईत सापडलेल्या परक्या मुलखातल्या लोकांना आपल्या सरकारनं विमानानं औषधं धाडली. पण लढाई थांबवा म्हणणाऱ्या युनोतल्या ठरावावर मत दिलंच नाही. बातम्या बघता बघता थोरली आक्का म्हणाली, "औषध देत्यात, मग थांबवा म्हणायला काय झालं रं?"

"दोन्हीकडं संबंध ठेवाय लागत्यात," मी म्हटलं. बरोबर बोललो का?

काल शेजारच्या मारुतीनं बायकोला परत मारलं. मी त्याच्या पोरांसाठी आमटी-भाताचा डबा धाडला. मारुतीला बोललो न्हाय. बांधाला बांध लागून आहे. पण पोरं जेवली, हे तरी खरं ना?

आत्ता त्याची बायको डबा परत द्यायला आलती. डोळा सुजलेला. रिकामा देऊ नये म्हणून आत गूळ घातलेला.

"कशाला उगीच," म्हटलं. तेवढंच म्हटलं.