फळीवरचा मासा

८ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत, तुम्हीही मजेत असाल, असं लिहून पुढे जायची हाताला सवय आहे. पण आज पहिल्याच ओळीत खोटं नको. आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. तुमचे बाबा, आमचे काका, बरे आहेत. आमची टिकलीही आता बरी आहे, काल दुपारी हॉस्पिटलमधून घरी आली. समोरच बसली आहे आणि म्हणते, "आई, इतकं दाबून लिहू नकोस, कागद फाटेल."

फोनच करायला हवा होता. नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. काकांचं आणि तुमचं बोलणं थांबल्यापासून या घरातून फोन गेला की तुम्ही "बरे आहेत ना?" एवढंच विचारता आणि मग गप्प होता. ते गप्प होणं आज मला झेपलं नसतं. शिवाय तोंडाने सांगायला गेले असते तर रडत बसले असते. लिहिताना निदान नाक पुसायला सवड मिळते.

रविवारी सकाळी टिकली केस धुवायला बाथरूममध्ये गेली. तिचे बाबा ट्रक घेऊन बाहेरगावी गेले होते आणि मी गणवेशांच्या ऑर्डरला बसले होते. ती आंघोळ करताना गाते हे तुम्हाला माहीतच आहे, बेसूर पण दणक्यात. मशीनच्या खडखडाटात गाणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही. दोरा संपला म्हणून पाय थांबवला, तर आतून नुसतं पाणी पडत होतं. हाक मारली. पुन्हा मारली. दार बडवलं. मग मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण काका खालून छिन्नी आणि हातोडा घेऊनच वर आले. त्यांनी कडी उचकटली. टिकली फरशीवर पडली होती. गाल लालबुंद, नुकतीच खेळून आल्यासारखे. मला वाटलं, झोपली आहे. ताई, क्षणभर मला खरंच तसं वाटलं.

काकांनीच तिला टॉवेलात गुंडाळून जिना उतरवला. या वयात, अनवाणी. शेजाऱ्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गॅसचा गीझर आहे का?"

"आहे. जुना आहे."

"बाथरूमला खिडकी आहे?"

"आहे की. वरती झरोका आहे, मोठा," मी म्हणाले, आणि तशीच उभी राहिले. त्यांनी विचारलं, काय झालं? मी काही नाही म्हणाले.

त्या गीझरचं रामायण तुम्हाला नव्याने सांगायला नको. तुम्ही स्वतः विजेचा गीझर विकत आणलात आणि काकांनी तो खोक्यासकट जिन्याखाली ढकलला. वर कुंड्या ठेवल्या! त्यावरून तुमचं जे भांडण झालं ते मी वरून ऐकलं होतं, ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू आलं. तुम्ही गेल्यावर मग त्यांच्यामागे मी लागले. महिन्यातून एकदा तरी आमची जुंपायची. मी म्हणायची, "काका, भाडेकरूचं म्हणून नाही, माणसाचं म्हणून ऐका. बदला हा." ते काडी ओढून पेटवायचे आणि म्हणायचे, "ज्योत बघ. निळी आहे की नाही? आयुष्यभर यंत्रांत हात घातलाय मी. चालू वस्तू काढून टाकायची नसते." शेवटी मी घर सोडायची धमकी दिली. तेव्हा तुमच्या आईने तो गीझर किती हौसेने बसवून घेतला होता ते मला ऐकावं लागलं.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

गेल्या महिन्यात थंडी वाढली. टिकली बाथरूममधून कुडकुडत बाहेर यायची, ओठ निळे. गीझरवरून भांडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काका शिडी घेऊन हजर. "गीझर तोच राहील," म्हणाले, "पण पोरीला वारा लागतो, त्याची सोय करतो." त्यांनी झरोक्याच्या मापाची फळी कापली, कडेच्या फटींत लांबीची पुट्टी भरली, भिंतीचा रंग दिला. काम कसं, तर फट म्हणून दिसायला नको. आणि टिकलीने हट्ट केला म्हणून त्या फळीवर निळा मासा काढला. मी त्यांना चहा दिला. "काका, झकास झालं," असं मीच म्हणाले. अगं बाई, मीच म्हणाले! माझ्या तरी डोक्यात आलं का, की गॅस जळतो तेव्हा त्याला हवा लागते, आणि हवा नसली की तो विष ओकतो? नाही आलं. आम्ही दोन शहाणी माणसं त्या माशाकडे कौतुकाने बघत उभी होतो.

हॉस्पिटलच्या बाकावर काका माझ्या शेजारी बसले होते आणि सारखं एकच म्हणत होते, "तू सांगत होतीस. माझी लेक पण सांगत होती. यंत्रच दगाबाज निघालं." संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी गीझर भिंतीवरून उतरवला आणि अंगणात आपटला. उचकटलेली कडी मात्र लगेच बदलली, बाहेरूनही उघडेल अशी बसवली. जिन्याखालचं तुमचं खोकं त्यांनी स्वतः वर आणलं. म्हणजे भांडण मी जिंकले, ताई. तुम्हीही जिंकलात. आणि मला एकच कळत होतं, की या माणसाला खरं सांगायचं नाही. यंत्रावर राग काढतोय तर काढू दे.

मग काल सकाळी टिकलीला आणायला निघण्याआधी मी त्यांना चहा द्यायला खाली गेले. मोरीशी हात धुवायला वळले आणि बाथरूममध्ये लक्ष गेलं. तसाच गीझर. वर तशीच फळी. एकाच लाकडाच्या दोन फळ्या त्यांनी कापल्या होत्या, एक आमची, एक स्वतःची.

मी म्हणाले, "काका, तुमचाही गीझर काढा."

"माझा कशाला? तुमचा खराब निघाला. माझी ज्योत निळी आहे. आता दूध घेऊन येतो आणि आंघोळ उरकतो, मग पोरीला आणायला मीही येणार."

ते पिशवी घेऊन बाहेर पडले. मी स्टूल ओढलं, कमरेची कात्री काढली आणि ती फळी उचकटायला लागले. लांबी इतकी पक्की की कात्रीचं टोक मोडलं. शेवटी फळी निघाली, गार वारा तोंडावर आला, आणि मागून आवाज आला, "अगं, काय करतेस?"

"हवा येऊ दे, काका," मी म्हणाले. एवढंच.

ते फळीकडे बघत राहिले. माझ्याकडे नाही, फळीकडे. मग दुधाची पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"वरच्या फळीवर मासा काढला होता," म्हणाले.

"हो."

"मीच लावली ना ती?"

मी स्टुलावरून उतरायच्या आतच त्यांना सगळं कळलं. चेहरा असा झाला की मी फळी टाकून त्यांना धरलं.

ते टिकलीला आणायला आले नाहीत. ती घरी आल्यावरही वर आले नाहीत. तिने खाली जाऊन दार वाजवलं, तर आतून म्हणाले, "बाळा, मी जरा कामात आहे." आज सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर त्यांचा हत्यारांचा डबा. छिन्नी, हातोडा, लांबीचा पत्रा, रंगाचे ब्रश, सगळं पुसून ठेवलेलं. मी खाली गेले तर खिडकीतूनच म्हणाले, "लागेल तुम्हाला. मी आता कुणाच्या घराला हात लावणार नाही."

मला राग आला नाही असं समजू नका. आला आहे, अजून आहे. त्यांनी वेळेवर तुमचं ऐकलं असतं तर माझी पोरगी त्या फरशीवर पडली नसती. पण त्याच हातांनी दार उघडलं नसतं तर ती आज समोर बसून मला दाबून लिहू नकोस म्हणाली नसती. या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते मला कळत नाही. मी भाडेकरू. मी कितीही समजावलं तरी ते मान हलवतात आणि खिडकी लावून घेतात. खिडकी लावलेली मला आता बघवत नाही.

टिकली मघापासून म्हणते आहे की नवी कडी नीट लागत नाही, आजोबांना बोलव. कडी अगदी नीट लागते. मी दहा वेळा लावून बघितली.

डबा मी आत घेतलेला नाही. आत घेतला तर त्यांनी तो दिला असं होईल. तो दारातच आहे, तेव्हा जिना चढून वर याल तेव्हा जरा बघून पाय टाका. पण आधी खालचं दार वाजवा.

तुमची वाट बघणारी,
वरच्या मजल्यावरची