अर्धा मिलिमीटर वर

३ तारीख, सोमवार
हॉस्टेलवरून लेकीचा फोन. कॉलेजच्या कार्यक्रमात तिचा बँड आहे, त्यांच्या गिटारवालीच्या गिटारची मान मोडली, तेव्हा बाबा, १५ तारखेला तुझी गिटार लागेल. म्हणजे मीच. मुलं असल्या गोष्टी सरळ बोलायला लाजतात.
उद्यापासून रोज दोन तास रियाज. गाणं कोणतं ते विचारायचं राहिलं. किरकोळ.

४ तारीख, मंगळवार
रियाज नाही. चार वर्षांनी गिटार भिंतीवरून काढली, अँप्लिफायरला जोडली, तर आवाज अगदी मेलेला. इंटरनेटवर कारण सापडलं. पिकअपची उंची! पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबक, आवाज तोच पकडतो. दोन बाजूंना दोन स्क्रू. तारांजवळ आणला की खणखणीत, लांब नेला की मवाळ. इतकी वर्षं मी उगाच स्वतःच्या बोटांना दोष देत होतो.
ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण कुणी मोजून बघितलंय का?

५ तारीख, बुधवार
दुकानातून चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घरी आणला. अर्धं आयुष्य लोकांच्या नाकावर काचा बसवण्यात गेलं. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

संध्याकाळी
पद्धत ठरली. डोळे तपासताना गिऱ्हाइकाला विचारतो तेच. काच बदलायची आणि विचारायचं, आधी बरं की आता बरं? इथे स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, तार छेडायची, हिला विचारायचं. ही म्हणाली, आधी बरं. आधी म्हणजे नक्की केव्हा, असं विचारलं. म्हणाली, गिटार घरात यायच्या आधी.
घरातून सहकार्य शून्य.

७ तारीख, शुक्रवार
दुकानात एक आजोबा आले. कुठलीही काच लावा, उत्तर एकच, दोन्ही सारखंच. अशांना देवाने डोळे दिलेच कशाला? फरक समोर उभा असतो आणि यांना दिसत नाही. डोकंच फिरलं.
घरी आल्यावर पिकअप आणखी वर. आवाज दणदणीत. खालच्या मजल्यावरच्यांनीही दखल घेतली. दोनदा.

९ तारीख, रविवार
सगळ्या तारा बेसूर. पुढचं वाचायचं राहिलं होतं. पिकअप फार वर गेला की चुंबक तारांना ओढतो आणि सूर बिघडतो. खाली घ्यायला स्क्रू उलटा फिरवला, तर तो हातातच आला. पिकअप एका बाजूने आत कोसळला, त्याखालची स्प्रिंग सोफ्याच्या दिशेने गेली. पुन्हा भेट नाही.
दुकानातल्या बिलाच्या पेनची स्प्रिंग चपखल बसली. डोकं लागतं.

११ तारीख, मंगळवार
बिलं पेन्सिलीने लिहितोय. एका बाईंच्या चष्म्याची काडी घट्ट करायची होती. स्क्रू ड्रायव्हर घरी, गिटारशेजारी. बाई चष्मा हाताने नाकावर धरून गेल्या. कलेसाठी समाजानेही थोडं सोसलं पाहिजे.
रियाज नाही. उंची पक्की होण्याआधी रियाज केला तर चुकीच्या उंचीची सवय लागते.

१३ तारीख, गुरुवार
उंची पक्की! आता जगातल्या कुठल्याही कानाला फरक कळेल. काळा शर्ट आणला. पोटावर किंचित घट्ट आहे, पण तिथे गिटारच येणार.
ही म्हणाली, पोरीने गिटार मागितलीय, तुम्हाला नाही. मी मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. फक्त वाजवणं तेवढं बाकी आहे.

१४ तारीख, शुक्रवार
दुकान लवकर बंद करून रियाज. एफ कॉर्ड लागत नाही. कधीच लागत नव्हती म्हणा. दहा मिनिटांत बोटं सुजली. सुजलेल्या बोटांनी स्टेजवर जाणं बरं नव्हे, म्हणून विश्रांती.
खरं सांगायचं तर हॉस्टेलला गेल्यापासून लेकीचा माझ्याबरोबर एकही फोटो नाही. उद्या निघेल.

१५ तारीख, शनिवार
लेकीने शर्टाकडे बघितलं, मग आईकडे. मग म्हणाली, बाबा, मस्त दिसतोयस, आईशेजारी बस, पहिल्या रांगेत जागा ठेवलीय. गिटार तेवढी दे.
दिली.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.
लेक मात्र सुरेख गायली. मला माहीतच नव्हतं. नंतर बँडचा फोटो निघाला. मी काढला.
इथेच वही मिटणार होतो, पण एक गोष्ट राहिली. कार्यक्रमाआधी गिटारवालीने माझी गिटार जोडली, एक तार छेडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून तिने पिकअप खाली घेतला. पुन्हा छेडली. मी समोरच बसलेला, म्हणून मान द्यायला विचारलं असेल. काका, आधी बरं होतं की आता बरं आहे?
लेक माझ्याकडे बघत होती. हीसुद्धा. मी डोळे मिटले. तिला पुन्हा वाजवायला लावलं. पिकअप वर घेऊन, खाली घेऊन, परत वर घेऊन. जीव कानात आणून ऐकलं.
म्हणालो, दोन्ही सारखंच.