शून्य जन्मांचा आलेख

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि तुझे शेजारी (तिन्ही तुझं ऐकत नाहीत, असं तुझ्या मागच्या पत्रात होतं) आता ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक. पत्र जरा लांबणार आहे, तेव्हा आधी बसून घे आणि हाताशी फेकून मारण्याजोगं काही ठेवू नकोस. ज्या प्रसूतिगृहात तू एकतीस वर्षं सिस्टर होतीस, ते पालिका कायमचं बंद करते आहे. प्रस्ताव मी लिहिला.

लगेच फाडू नकोस, पुढे वाच. आमच्या अर्थसंकल्प शाखेत आजवर एकच पद्धत होती. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात दहा टक्के मिळवायचे आणि चहाला जायचं. (त्या हिशेबाने शहरात दरवर्षी दहा टक्के जास्त मुलं जन्मत आणि दहा टक्के जास्त डासही मरत.) मग नवे साहेब आले. म्हणाले, असं चालणार नाही, कुठे मुलं वाढताहेत आणि कुठे म्हातारे, ते बघून खर्च ठरवायचा. कल्पना खरंच चांगली होती आणि मला पटली, तिथेच माझा घात झाला.

मी प्रत्येक प्रभागाच्या नोंदी मागवल्या. आपल्या प्रभागात अकरा महिन्यांत जन्म शून्य आणि म्हातारी माणसं एकदम चौपट! मी असा सुबक आलेख काढला, की साहेबांना गहिवरून आलं. सभागृहात तो पडद्यावर झळकला, 'हा प्रभाग वयात आला नाही, वयापलीकडे गेला' असं साहेब म्हणाले आणि प्रसूतिगृहाच्या जागी ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र एकमताने मंजूर झालं. पाळणे भंगारात काढायचे तर तीन समित्यांची परवानगी लागते, म्हणून त्यांत वर्तमानपत्रं ठेवायची असंही ठरलं. मला शाबासकी म्हणून चाकांची खुर्ची मिळाली (चारांपैकी तीन फिरतात).

संध्याकाळी घरी येऊन मी हिच्यापुढे फुशारकी मारली. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, अकरा महिने प्रसूतिगृहाचं छप्पर दुरुस्तीला म्हणून काढून ठेवलंय तुमच्याच लोकांनी. पोरांनी जन्माला यायचं कुठे, जिन्यात?"

आत्या, मी नोंदी पुन्हा काढून बसलो. जन्माची नोंद होते बाळ जिथे जन्मतं तिथे. आपल्याकडच्या सगळ्या बायका पुलापलीकडच्या इस्पितळात जात होत्या. तिथले जन्म दुप्पट झालेले पाहून मी त्या प्रभागाला दोन बालवाड्या आणि एक घसरगुंडी देऊन बसलोय. आणि म्हातारे? प्रसूतिगृहाचा तळमजला रिकामा म्हणून पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची खिडकी तिथे आणली होती. साऱ्या शहरातले आजोबा तिथे येऊन आपण जिवंत असल्याचं सांगून जात, आणि मी खिडकीवरच्या वहीवरून त्यांना आपल्या प्रभागात कायमचं वसवून टाकलं. एक आजोबा सही विसरले म्हणून तीनदा आले होते. ते तिघे धरलेत.

दुसऱ्या दिवशी धावत साहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "आकडा चुकला असेल, ठराव मात्र नियमाप्रमाणे झालाय." तो फिरवायला नियमात एकच वाट आहे, नागरिकांचा तीव्र विरोध. आणि शांतपणे सांगितलेलं आमच्याकडे तीव्र धरत नाहीत.

असो. गोळ्या वेळेवर घे, जिने टाळ आणि माझ्यावरचा राग शेजाऱ्यांवर काढू नकोस.

तुझा (अजून म्हणू देत असशील तर)
भाचा

ता. क. : येत्या सोमवारी अकरा वाजता कचेरीवर मोर्चा आण. अर्धा प्रभाग तुझ्या हातात पहिल्यांदा रडलाय, तुझी एक हाक पुरे. निवेदन मीच लिहून सोबत जोडलंय (माझी निंदा दुसऱ्या परिच्छेदात आहे, मिळमिळीत वाटली तर वाढव). ते घ्यायला मीच बाहेर येईन आणि तुला ओळख दाखवणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

आणखी एक : मोर्चात ही पण येणार म्हणते. तिला पुढे चालू देऊ नकोस, सावलीत खुर्ची दे. पाचवा महिना आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही. पुलापलीकडे एकेका खाटेवर दोघींना निजवतात, मी पाहून आलो, आणि मला फार भीती वाटते. तू ओरड, आत्या. मला शिव्या घालून ओरड.