बाबांच्या वॉल्ट्झचा तिसरा भाग

स्कारबरो, सोमवार

प्रिय आईस,

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुझा खोकला कसा आहे?

काल बँडस्टँडवर आमच्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाचा, क्लेगवर्थचा, सत्कार होता. बाबांनी आजारपणात विश्वासाने पाठवलेली वॉल्ट्झ नाचाची धून या माणसाने वीस वर्षं स्वतःची म्हणून वाजवली, आणि आता तिच्यासाठी त्याच्या नावाची पाटी लागणार होती. मी तुझं माहेरचं आडनाव लावल्यामुळे वाद्यवृंदात त्याने मला ओळखलं नव्हतं.

महापौरांनी विचारलं, "ही चाल सुचली कशी?"

"पहाटे समुद्र बघताना," तो म्हणाला.

मी व्हायोलिन घेऊन उठले. "साहेब, हिचा तिसरा भागही वाजवू या."

"तिसरा भाग नाहीच मुळी. खाली बस, पोरी."

बाबांनी तो पाठवलाच नव्हता, त्याचे कागद तुझ्या ट्रंकेतच होते ना. मी वाजवू लागले. आमच्यातले म्हातारे ऑग्डेन त्यांचं तुतारीसारखं कॉर्नेट घेऊन सामील झाले आणि शेवटी बाबांचं नाव घेऊन लोकांना म्हणाले, "ही एडगर हेब्डनची चाल. त्याने मला घरी बसवून ऐकवली होती. नोकरीपायी मी इतकी वर्षं बोललो नाही."

पाटी परत गेली. माझी नोकरीही गेली, पण घरमालकीण शनिवारपर्यंत राहू देणार आहे, तेव्हा काळजी करू नकोस.

संध्याकाळी क्लेगवर्थ दारात आला. तुझी माफी मागायची म्हणून पत्ता मागत होता, रडत होता. मी म्हटलं, "बाबांनी तुम्हाला सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही." आणि दार लावून घेतलं.

आई, मला जराही वाईट वाटलं नाही.

तुझी,
हेस्टर